निकामी बॅटरी व तिची दुरुस्ती

मुंबई-पुण्याकडील नव्या इमारतींतून दारें, कपाटें आणि पलंग बसवीत हिंडणाऱ्या सुताराच्या पिशवींत करवत, पटाशी आणि रंधा यांच्या जोडीला आज पिस्तुलाच्या आकाराचें एक यंत्र बहुधा असतेंच. भोक पाडावयाचें असो किंवा स्क्रू आंवळावयाचा असो, दोन्ही कामें तें करतें. आणि त्याला वायर नसल्यामुळें वीज न आलेल्या मजल्यावर, माळ्यावर किंवा शिडीच्या टोंकावर, कोठेंहि तें हातांत धरून काम करतां येतें. बाजारांत त्याला कॉर्डलेस ड्रिल म्हणतात. त्याच्या मुठीच्या तळाशीं डबीसारखी बॅटरी बसविलेली असते, आणि यंत्राचें सगळें बळ त्या डबींत सांठविलेलें असतें.

असें हें यंत्र दोन-चार वर्षें इमानानें राबतें. आणि मग एके दिवशीं सकाळीं, रात्रीं चार्ज केलेली बॅटरी लावूनहि, आठ-दहा स्क्रू आंवळून होतात न होतात तोंच कण्हूं लागतें व थांबतें. सुतार बॅटरी काढून पुन्हां चार्जरवर ठेवतो. चार्जरचा हिरवा दिवा नेहमींपेक्षां फारच लवकर लागतो, आणि पुन्हां तोच प्रकार होतो. दुकानदाराचें उत्तर ठरलेलें असतें. बॅटरी गेली, नवी घ्या. आणि नव्या बॅटरीची किंमत जर एवढी आहे, तर मग नवें यंत्रच कां घेत नाहीं? यंत्र जुन्या बनावटीचें असलें तर तिची बॅटरी आतां बनतच नाहीं, असेंहि ऐकावें लागतें. वस्तुतः मोटर शाबूत असते, दांतेचक्रें शाबूत असतात, टोंक धरणारा जबडा शाबूत असतो. केवळ तळाची डबी निकामी झाली म्हणून हें सारें भंगारांत जातें, आणि ज्याचें पोट त्या दिवसाच्या कामावर आहे त्याच्या खिशाला हजारों रुपयांची चाट बसते.

या डबीची दुरुस्ती करतां येते काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. याचें उत्तर, कित्येकदां करतां येते, असें आहे. परंतु डबींत नेमकें काय बिघडलें हें ओळखल्यावांचून केलेली दुरुस्ती दोन दिवसहि टिकत नाहीं. आणि डबी कोणत्या जातीची आहे हें न पाहतां केलेली दुरुस्ती घराला आग लावूं शकते. म्हणून प्रथम डबीच्या आंत काय असतें हें पाहणें अवश्य आहे.

बॅटरीवरील हत्यारांची कुळकथा फार लांब नाहीं. अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीनें १९६१ सालीं असें ड्रिल प्रथम बाजारांत आणलें. त्यांत निकेल-कॅडमियम जातीचे सेल होते. हे सेल मात्र पुष्कळ जुने. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर या संशोधकानें ते १८९९ सालींच शोधून काढले होते. १९७१ सालीं अपोलो-१५ मधून गेलेल्या अंतराळवीरांनीं चंद्राच्या भूमींत भोकें पाडलीं तींहि बॅटरीवरच्या ड्रिलनेंच. पुढें १९९१ सालीं जपानमधील सोनी कंपनीनें लिथियम-आयन सेल विक्रीस आणले, आणि २००५ च्या सुमारास ते सुताराच्या हातांतील हत्यारांत येऊन पोंचले. युरोपीय संघानें कॅडमियमच्या विषारीपणामुळें या हत्यारांना दिलेली सवलत २०१६ च्या अखेरीस काढून घेतली. त्यामुळें आज दुकानांत दिसणारीं नवीं हत्यारें बहुतेक लिथियमचीं असतात. परंतु जुन्या बॅटऱ्या कारखान्यांत, कार्यशाळांत आणि हौशी माणसांच्या फडताळांत अजून आहेत. या दोन जातींचे स्वभाव अगदीं भिन्न असल्यामुळें त्यांचा विचारहि निरनिराळा करावा लागतो.

प्रथम निकेल-कॅडमियमची डबी घ्यावी. तिचे स्क्रू काढून झांकण उचललें कीं आंत अंगठ्याहून थोडे जाड असे गोल नळकांड्यासारखे सेल एकमेकांस चिकटून उभे असलेले दिसतात. प्रत्येकाचा व्यास सुमारें २२ मिलिमीटर व उंची सुमारें ४३ मिलिमीटर असते. एका सेलचा विद्युद्दाब अवघा १.२ व्होल्ट, म्हणून १२ व्होल्टच्या डबींत असे १० सेल, १४.४ व्होल्टच्या डबींत १२ आणि १८ व्होल्टच्या डबींत १५ सेल एकापुढें एक जोडलेले असतात. जोडणी निकेलच्या पातळ पट्ट्यांनीं केलेली असते. या दाटींत कोठेंतरी एक बारीकसा थर्मिस्टर सेलच्या अंगाला टेंकवून ठेवलेला आढळतो. डबी किती तापली याची वर्दी तो चार्जरला देतो, आणि त्याच्या वर्दीवरून चार्जर आपला प्रवाह थांबवितो. सेलच्या पोटांत निकेलचें एक पान व कॅडमियमचें एक पान, मध्यें पातळ पडदा, अशी गुंडाळी केलेली असून ती पोटॅशियम हायड्रॉक्साइड या दाहक क्षाराच्या पाण्यांत भिजलेली असते.

दहा सेल एकापुढें एक जोडले म्हणजे जो प्रवाह एकांतून जातो तोच दहांतूनहि जातो. बॅटरीच्या बहुतेक रोगांचें मूळ या एका गोष्टींत आहे. देशावरील काळ्या जमिनींत पूर्वीं आठ बैलांचा नांगर चालत असे. त्या आठांत एक बैल थकलेला असला तरी तो थांबूं शकत नसे. बाकीचे सात त्याला ओढून नेत. बॅटरींतील दुबळ्या सेलची गत हीच होते. कारखान्यांतून निघतांना दहाहि सेल सारखे दिसले तरी त्यांच्या ताकदींत थोडा फरक असतो. काम चालू असतां सर्वांत अशक्त सेल आधीं रिकामा होतो. बाकीचे नऊ अजून भरलेले असल्यामुळें ते आपला प्रवाह त्याच्यांतून तसाच दामटतात, आणि तो सेल उलटा भरूं लागतो; म्हणजे त्याचें धन टोंक ऋण बनतें. त्याच्या पोटांत वायु तयार होतो, दाब वाढून तोंडाची झडप उघडते, आणि क्षाराचें पाणी बाहेर झिरपतें. पुढच्या खेपेस तो आणखी अशक्त असतो व आणखी लवकर उलटतो. एक नासका आंबा सारी अढी नासवितो, तसा हा एक सेल साऱ्या डबीला बदनाम करतो. आणि धडधाकट असे सात-आठ सेलहि त्याच्याबरोबर भंगारांत जातात.

सेल मरण्याचीं दुसरींहि कारणें आहेत. पुष्कळ दिवस पडून राहिलेल्या सेलमध्यें कॅडमियमचे सुईसारखे बारीक स्फटिक वाढतात, ते मधल्या पडद्याला भोंक पाडून पलीकडच्या पानाला जाऊन भिडतात, आणि सेल आंतल्या आंत जुळून जातो. अशा सेलवर मल्टिमीटर लावला तर कांटा शून्यावर राहतो. तिसरें कारण उष्णतेचें. स्वस्त चार्जरला बॅटरी भरली केव्हां हें कळत नाहीं. तो रात्रभर प्रवाह रेटीत राहतो, सेल तापतात, आणि आंतील पाणी हळूहळू आटून जातें. असा सेल मल्टिमीटरवर चांगला दिसतो, परंतु मोटरला लागणारा भारी प्रवाह देण्याची वेळ आली कीं मान टाकतो. सेलला अर्ध्यावर चार्ज करण्याची संवय लागली म्हणून तो बिघडला, असें स्पष्टीकरण लोकांच्या तोंडीं फार असतें. पण कार्यशाळेंत अशा संवयीपेक्षां अति-चार्जिंग आणि उष्णता यांनींच अधिक बॅटऱ्यांचा घात होतो.

म्हणून दुरुस्तीचें पहिलें काम परीक्षेचें. डबी उघडण्यापूर्वीं ती यंत्रांतून काढावी. हातांतील अंगठी, बांगडी, घड्याळ हीं काढून ठेवावींत. कारण सेलांच्या दोन टोंकांमध्यें धातूची वस्तु आडवी पडली तर ती क्षणांत लाल होऊन कातडी भाजते. डोळ्यांवर चष्मा असावा. डबी उघडतांच तिचें छायाचित्र घ्यावें, अगर कोणता सेल कोणत्या बाजूस तोंड करून आहे याचा आंकडेवार नकाशा कागदावर काढावा. ज्या सेलच्या तोंडाशीं पांढरी भुकटी जमलेली दिसेल तो झिरपलेला आहे असें समजावें. ही भुकटी बोटांनीं खरवडूं नये, तर व्हिनेगरच्या ओल्या बोळ्यानें पुसून काढावी.

नुसतें मल्टिमीटरनें मापून भागत नाहीं. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी विसावलेली असतां तिचा सडका सेलहि १.३ व्होल्ट दाखवूं शकतो. खरी परीक्षा ओझ्याखालीं होते. १२ व्होल्टच्या डबीसाठीं मोटारीच्या पुढच्या दिव्याचा ५५ वॉटचा बल्ब हें उत्तम ओझें आहे. तो सुमारें साडेचार अँपिअर प्रवाह खेंचतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून हा बल्ब तिला जोडावा आणि घड्याळ लावून दर दोन मिनिटांनीं एकेका सेलचें माप नकाशावर लिहीत जावें. बल्ब फार तापतो, त्याला हात लावूं नये व तो लांकडावर ठेवूं नये. २ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी हा बल्ब पंचवीस मिनिटांच्या आसपास जाळते, आणि तोंपर्यंत तिचे सारे सेल सव्वा व्होल्टच्या थोडे खालींवर असे एकजुटीनें चालतात. आजारी डबींत मात्र चौथ्या-पांचव्या मिनिटाला एखादा सेल १ व्होल्टखालीं येतो आणि पाहतां पाहतां शून्याकडे धांवतो. तो सांपडतांच बल्ब काढून टाकावा. नाहींतर परीक्षाच त्या सेलला उलटा करील. सुताराला दुकानांत जें कळलें नव्हतें तें आतां कागदावर लिहिलेलें असतें. बॅटरी मेली, हें म्हणणें खोटें. दहांपैकीं एक किंवा दोन सेल मेले, हें खरें.

येथें एक मोह उभा राहतो. शून्यावर गेलेल्या सेलला दुसऱ्या दणकट बॅटरीचा झटका क्षणभर द्यावा, म्हणजे आंतला स्फटिक जळून जातो व सेल पुन्हां जिवंत होतो, अशी युक्ति पुष्कळांना ठाऊक आहे. ती केवळ थाप नव्हे. स्फटिक जळतो हें खरें, आणि सेल पुन्हां चार्ज होतो हेंहि खरें. परंतु पडद्याला पडलेलें भोंक तसेंच राहतें. त्याच भोंकांतून नवा स्फटिक उगवतो, चार्ज केलेला सेल टेबलावर पडल्या पडल्या रिकामा होतो, आणि महिना उलटण्याच्या आंत जैसे थे होऊन बसतें. शिवाय झटका देतांना सेल फुटून क्षाराचें पाणी डोळ्यांत उडण्याचा संभव असतो तो निराळाच. पी हळद आणि हो गोरी, या जातीच्या उपायांवर पोटाचा धंदा चालविणाऱ्यानें विसंबूं नये. गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन असा झटका देणें आणि त्याला दुरुस्ती म्हणणें हें तर अप्रामाणिकपणाचें होय.

खरी दुरुस्ती म्हणजे सेल बदलणें. किती बदलावे याचा निर्णय नकाशा पाहून करावा. बॅटरी वर्ष-दीड वर्षाचीच असेल, आणि एक सेल सोडल्यास बाकीचे ओझ्याखालीं एकमेकांच्या जवळ चालत असतील, तर तो एकच सेल त्याच जातीचा व तेवढ्याच ताकदीचा आणून बदलण्यास हरकत नाहीं. पण डबी चार-पांच वर्षें राबलेली असेल तर एक सेल बदलणें म्हणजे जुन्या धोतराला नवें ठिगळ लावण्यासारखें आहे. नवा सेल दमदार, जुने थकलेले. त्यांपैकीं सर्वांत थकलेला आतां दुबळ्याच्या जागीं येतो, आणि दोन महिन्यांनीं डबी पुन्हां उघडावी लागते. अशा वेळीं दहाचे दहा सेल एकाच कारखान्याचे, एकाच घाण्याचे आणून घालावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत विजेच्या सुट्या भागांचीं दुकानें ओळीनें आहेत. तेथें सेल घेतांना त्यांवर लिहिलेल्या आंकड्यापेक्षां त्यांच्या वजनाकडे व विकणाऱ्याच्या पतीकडे अधिक लक्ष द्यावें. फार मोठा आंकडा छापलेला हलका सेल बहुधा फसवा निघतो.

जोडणीच्या कामांत नवशिक्या माणसाची एक चूक ठरलेली असते. तो तापलेलें सोल्डरिंग आयर्न सेलच्या टोंकावरच दाबून धरतो आणि वायरला डाख देऊं लागतो. तेवढ्या उष्णतेनें सेलच्या तोंडाचें बूच व आंतील पडदा यांना इजा पोंचते, व नवा सेल पहिल्याच दिवशीं अर्धा मरतो. कारखान्यांत निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनें जोडतात. त्यांत वीज इतका अल्प काळ वाहते कीं पट्टी चिकटते पण सेल तापत नाहीं. ज्याच्याजवळ हें साधन नसेल त्यानें पट्ट्या आधींच बसविलेले सेल विकत घ्यावे आणि पट्टीला पट्टी डाखावी. प्रत्येक सेलच्या धन टोंकाभोंवतीं कागदी चकती असावी, दोन ओळींमध्यें निरोधक कागद असावा, आणि थर्मिस्टर न विसरतां पूर्वीच्याच जागीं सेलला टेंकवून बसवावा. तो बाहेर लोंबकळत राहिला तर चार्जरला बॅटरीचा ताप कळणार नाहीं, आणि नवी डबी जुनीच्या वाटेनें जाईल. सर्व जुळल्यावर पहिलें चार्जिंग सावकाश करावें. २ अँपिअर-तासांच्या सेलला ०.२ अँपिअर प्रवाहानें चौदा ते सोळा तास द्यावे, म्हणजे सारे सेल एका पातळीवर येतात.

कॅडमियमच्या ऐवजीं निकेल-मेटल-हायड्राइड या जातीचे सेलहि त्याच मापांत मिळतात. ते अधिक काळ पुरतात व त्यांत कॅडमियमचें विष नसतें. परंतु ते भरत आल्याची खूण फार मंद असते, आणि जुन्या चार्जरला ती ओळखतां येत नाहीं. म्हणून सेलची जात बदलली तर चार्जरहि त्या जातीचा असला पाहिजे, हा नियम कधींहि मोडूं नये.

आतां लिथियमची डबी. वरून ती जुन्या डबीची धाकटी बहीण दिसते. आंत सारा कारभार निराळा. एका लिथियम सेलचा विद्युद्दाब सुमारें ३.६ व्होल्ट असल्यामुळें १८ व्होल्टसाठीं पांचच सेल पुरतात. हे सेल पूर्ण भरले कीं प्रत्येकी ४.२ व्होल्टवर जातात, म्हणजे पांचांची बेरीज २१ होते. बाजारांत कोणी १८ व्होल्ट, कोणी २० व्होल्ट आणि कोणी २१ व्होल्ट म्हणून जीं यंत्रें विकतो तीं पुष्कळदां याच पांच सेलांचीं असतात. मोठा आंकडा पाहून अधिक किंमत देणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. पांचाच्या दोन ओळी जोडून दहा सेल केले तर ताण तेवढाच राहतो, पण काम दुप्पट वेळ चालतें.

या डबींत सेलांवर पहारा करणारी एक छोटी पाटी बसविलेली असते. सेल फार भरला, फार उतरला किंवा फार तापला कीं ती प्रवाह तोडते. कित्येकदां सारे सेल चांगले असून केवळ ही पाटी, किंवा तिची एखादी वायर, बिघडलेली असते. अशी दुरुस्ती सोपी. कित्येकदां पाटी स्वतःच चोवीस तास थोडी थोडी वीज पीत असते, आणि वर्षभर कपाटांत पडलेल्या बॅटरीचा एखादा सेल पार कोरडा होतो. कांहीं बनावटींत चार्जिंग अनेकदां फसलें कीं पाटी डबीला कायमचें कुलूप घालते. या कुलपाची तक्रार दुरुस्ती करणारे लोक करतात, व ती बऱ्याच अंशीं रास्तहि आहे. परंतु तें कुलूप कशासाठीं घातलें होतें हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

लिथियम सेलचा विद्युद्दाब २.५ व्होल्टच्या बराच खालीं उतरून तसाच राहिला तर त्याच्या आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो. पुढें तो सेल चार्ज करतांना तेंच तांबें भलत्या जागीं जमतें, दोन पानांमध्यें पूल बांधतें, आणि सेल आंतून जुळून पेटूं शकतो. त्याच्यांतील द्रव पाण्याचा नसून जळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा असतो. त्यांतून निघणारा धूरहि विषारी असतो. निकेलचा सेल बिघडला तर बहुधा काम थांबतें. लिथियमचा सेल बिघडला तर खोली पेटते. यास्तव शून्याजवळ गेलेल्या लिथियम सेलला झटका देऊन उठविणें, पाटीला वगळून सरळ चार्ज करणें, किंवा निकेलच्या जुन्या चार्जरवर लिथियमची डबी बसविणें, या तिन्ही गोष्टी सर्वथैव वर्ज्य होत. फुगलेला, चेपलेला किंवा गोडसर वास येणारा सेल घरांत ठेवूंच नये. सर्व सेल २.५ व्होल्टच्या वर असून केवळ एकमेकांच्या मागें-पुढें झाले असतील, तर जाणत्या माणसानें त्यांना योग्य चार्जरवर समपातळीवर आणावें. सेलच बदलावयाचे असतील तर तें काम ज्याच्याजवळ स्पॉट वेल्डिंग, पत्र्याचें किंवा फरशीचें टेबल आणि वाळूची बादली आहे अशाच कारागिराकडे द्यावें. गाद्या, पडदे व मुलें यांच्यामध्यें बसून करण्याचें हें काम नव्हे.

हिशेबाचीहि एक बाजू आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असें दुरुस्तीचें होऊं देऊं नये. डबींतील एखाददुसरा सेल, तुटलेली पट्टी अगर थर्मिस्टर गेला असेल तर दुरुस्ती हटकून परवडते. सारेच सेल बदलावयाचे असतील तर त्यांची किंमत, कारागिराची मजुरी व नव्या बॅटरीची किंमत हीं तिन्ही शेजारीं शेजारीं मांडून पाहावीं. नवी बॅटरी स्वस्त पडत असेल तर मुकाट्यानें ती घ्यावी. परंतु बॅटरी बनणेंच बंद झालें असेल आणि यंत्र दणकट असेल, तर सेल बदलण्यावर केलेला खर्च वांया जात नाहीं. कारण त्यानें साऱ्या यंत्राचें आयुष्य वाढतें.

दुरुस्ती झाल्यावर उरलेले मेलेले सेल कोठें टाकावे, हा प्रश्न लहान वाटतो पण तसा तो नाहीं. जपानमधील तोयामा प्रांतांत जिंझू नदीच्या कांठीं खाणींतून वाहून आलेलें कॅडमियम भाताच्या खाचरांत शिरलें, भातांतून माणसांच्या शरीरांत गेलें, आणि विशेषतः वयस्क स्त्रियांचीं हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं थोड्याशा हालचालीनेंहि तीं मोडूं लागलीं. वेदनांच्या आक्रोशावरूनच त्या रोगाला इताई-इताई हें नांव पडलें, आणि १९६८ सालीं जपान सरकारनें तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. तेथें विष खाणींतून आलें होतें. पण धातु तोच, जो या सेलांत असतो. तो उकिरड्यांत फेंकला तर पावसाच्या पाण्याबरोबर जमिनींत उतरतो. लिथियमचा सेल कचऱ्याच्या गाडींत दाबला गेला तर गाडी पेटते. भारत सरकारनें ऑगस्ट २०२२ मध्यें बॅटरी-कचऱ्याचे नियम जाहीर केले असून त्यांनीं वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी बॅटरी उत्पादकांवर टाकली आहे. सेलच्या दोन्ही टोंकांवर चिकटपट्टी लावून ते कोरड्या डब्यांत सांठवावे, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावे, एवढें तरी प्रत्येकाला करतां येतें.

बॅटरी अकालीं मरूं नये यासाठीं करावयाचे उपाय थोडे व सोपे आहेत. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर ठेवूं नये, निवूं द्यावी. यंत्र कण्हूं लागलें कीं घोडा दाबून तिच्यांतला शेवटचा थेंब काढूं नये, कारण त्याच घटकेला दुबळा सेल उलटत असतो. पावसाळ्यांत काम बंद राहणार असेल तर लिथियमची बॅटरी अर्धी भरून, यंत्रांतून काढून, थंड जागीं ठेवावी, आणि अधूनमधून तिची विचारपूस करावी.

ज्या काळीं खेड्यांतील रेडिओ बॅटरीवर चालत असे, त्या काळीं शिशाच्या पत्र्यांची जड बॅटरी चार्ज करून आणण्यासाठीं वाहन करून मोठ्या गांवीं न्यावी लागे. तेथील कारागीर डांबराचें लिंपण तापवून काढी, बिघडलेलें घर उघडी, त्यांतील पत्रे बदली आणि बॅटरी पुन्हां चालती करून देई. त्याला एका घराचा दोष साऱ्या बॅटरीच्या माथीं मारण्याचें कारण पडत नसे. मधल्या काळांत डब्या लहान झाल्या, बंद झाल्या आणि आंत काय आहे हें पाहण्याची रीत मोडली. ती रीत पुन्हां पडूं लागली आहे. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या बॅटरीविषयक कायद्याप्रमाणें फेब्रुवारी २०२७ पासून घरगुती उपकरणांतील बॅटरी सामान्यतः वापरणाऱ्यालाच काढतां-घालतां येईल अशी असली पाहिजे. कायदा डबी यंत्रांतून बाहेर काढून देईल. परंतु दहा सेलांच्या ओळींत नेमका कोणता सेल थकला आहे, हें एका बल्बच्या उजेडांत, हातांत कागद घेऊन, शांतपणें पाहणारा माणूस मात्र लागेलच. असा माणूस ज्या आळींत आहे, त्या आळींतील सुताराचें काम एका सेलपायीं अडत नाहीं.